जाळी काढून ऐकणारा माणूस

कल्पना करा, तुम्हाला स्पीकर निवडायचे आहेत. टेबलावर ठेवायचे छोटे नाहीत. जमिनीवर उभे राहणारे, कमरेला लागतील एवढे उंच, आणि तरी साध्या पगारदाराच्या आवाक्यातले. समोर तीन जोड्या मांडल्या आहेत. एकच बोलणं तिन्ही जोड्यांवर आळीपाळीने वाजणार आहे. तुम्ही एवढंच सांगायचं, की कोणत्या जोडीवर शब्द जास्त स्वच्छ आले. घाई नाही. डोळे मिटून ऐका. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो, कारण डोळे उघडे असले की माणूस आवाज सोडून दिवे आणि पॉलिश निवडतो.

चिंधा आप्पा डोळे मिटायला तयार नव्हते.

"डोळा मिटीसन कसं ऐकू येई, भाऊ?" ते म्हणाले.

मला तो विनोद वाटला. मी हसलो, म्हणून तेही हसले.

दुकान सुरतेत उधन्याला आहे. मालक गुजराती, त्यांना सगळे शेठ म्हणतात. स्पीकर जोडून देणं, वाजवून दाखवणं आणि बिघडले तर उघडणं हे माझं काम. डिप्लोमा झाल्यापासून तीन वर्षं मी तेच करतो. आप्पा आले तेव्हा आखाजीला तीन आठवडे होते. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आम्हा खानदेशी लोकांत त्या सणाला लेकी माहेरी येतात. आप्पा पारोळ्याकडचे, माझे वडील शिंदखेड्याकडचे, त्यामुळे दोन वाक्यांतच आमचं बोलणं अहिराणीवर आलं आणि मी त्यांना खुर्ची दिली. ती त्यांनी घेतली नाही. तीस वर्षं उभ्याने काम केलेला माणूस खुर्चीकडे संशयाने बघतो.

सुरतेतल्याच पांडेसऱ्यात एका लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, ते कारागीर आहेत. वय चोपन्न. बारा मशिनं एकटे सांभाळतात. अंगावर धुतलेला पांढरा शर्ट, खिशात फोन, आणि त्या फोनमध्ये जे होतं त्यासाठीच ते आले होते.

त्यांची मुलगी गायत्री धुळ्याकडे दिलेली आहे. तिथल्या एका कॉलेजचं लहानसं रेडिओ केंद्र आहे, आसपासच्या वीसेक गावांपुरतं. दर रविवारी ती त्यावर अर्धा तास अहिराणीत बोलते. शेतीचं, दवाखान्याचं, कधी कुणाची गोष्ट. सुरतेपर्यंत ते केंद्र लागत नाही, म्हणून ती रेकॉर्डिंग फोनवर पाठवते. गल्लीतले सगळे ऐकतात. मग संध्याकाळी ती व्हिडिओ कॉल करते, "आप्पा, ऐकं का?" आणि आप्पा म्हणतात, "ऐकं. भारी शे."

दोन वर्षं ते असंच म्हणत होते. त्यांनी एकही भाग ऐकलेला नव्हता.

म्हणजे ऐकायला बसायचे. पण फोनमधून नुसतं गुणगुण यायचं. फोन कानाला लावून पाहिला. स्टीलच्या डब्यात उभा करून पाहिला. शेवटी त्यांनी ठरवलं की दोष फोनच्या स्पीकरचा आहे. "नखाएवढं तोंड त्याचं. त्यातून काय येणार?" एवढ्यावर कदाचित ते थांबलेही असते. पण गेल्या महिन्यात गायत्रीने एक भाग बापावर केला. दुसऱ्या दिवशी खात्यात शेजारच्या मशीनवरच्या माणसाने त्यांचा हात धरला आणि म्हणाला, आप्पा, तुमच्या पोरीनं रडवलं. गल्लीत एक म्हातारी घरातून उठून त्यांना बघायला आली. सगळ्या पांडेसऱ्याला कळलं होतं की गायत्री बापाबद्दल काय बोलली. बाप तेवढा राहिला होता.

"आंडेर आखाजीले येवाव शे," ते मला म्हणाले. आंडेर म्हणजे लेक. "ती इचारी. त्याच्याआधी माले ऐकनं शे. मोठा पाहिजे, तोंड मोठं पाहिजे."

मी तीन जोड्या बाहेर काढल्या.

पहिली इथलीच बनावट. एकेका खोक्यात खालच्या सुरांचे आठ-आठ इंचाचे दोन वूफर, त्यांच्याभोवती रंग बदलणारे दिवे, आत स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर, पेन ड्राइव्ह लावायची सोय. वाजली की पहिल्यांदा छातीत धडक बसते. आप्पा म्हणाले, "हाऊ ते नवरदेवमायेक दिसस." नवरदेवासारखा. तेच नाव पडलं. दुसरी जोडी काळी, साधी. एक साडेसहा इंची वूफर, त्यावर मधल्या सुरांसाठी वेगळा लहान स्पीकर, सगळ्यात वर बारीक सुरांचा ट्वीटर. अ‍ॅम्प्लिफायर वेगळा घ्यावा लागतो. तिला त्यांनी 'मास्तर' म्हटलं. तिसरी सडपातळ, रेशमी पडद्याच्या ट्वीटरची, तिन्हींत महाग, आणि माझी आवडती. तिला नाव मिळालं 'काडीपैलवान'.

मी उत्साहाने समजावत सुटलो. उभ्या स्पीकरचा खोका मोठा, म्हणून कमी पैशातही खालचे सूर भरून येतात. पण स्वस्त जोडीत सगळा पैसा त्या मोठ्या खोक्यालाच जातो, ट्वीटर हलका बसवतात, आणि फळी पातळ असली की खोका स्वतःच बोलायला लागतो. तुमची खोली दहा बाय बाराची, खाली फरशी. नवरदेवाची पाठ भिंतीला टेकली तर अर्ध्या गल्लीत घुमेल आणि शब्द मात्र त्यात बुडतील. माणसाचं बोलणं मधल्या सुरांत असतं, अक्षरांच्या कडा वरच्या सुरांत. पोरीचं बोलणं ऐकायचं असेल तर वरचे सूर कोण स्वच्छ देतो ते बघा.

आप्पा माझ्याकडे एकटक बघत होते. एवढं लक्ष देऊन ऐकणारं गिऱ्हाईक मला तोवर भेटलं नव्हतं.

मग ते खाली वाकले आणि म्हणाले, "हाई जाळी काढ बरं."

स्पीकरच्या तोंडावर कापडाची जाळी असते. बहुतेक लोकांना ती काढता येते हेही माहीत नसतं. काढली की वरचे सूर थोडे मोकळे होतात. शौकीन लोक काढूनच ऐकतात. मला वाटलं, माणूस जाणकार आहे. मी तिन्ही जोड्यांच्या जाळ्या काढल्या आणि गायत्रीचा तो भाग सुरू केला. पहिली दोन मिनिटं, पुन्हा पुन्हा तीच.

आप्पा गुडघ्यांवर हात ठेवून स्पीकरसमोर दीड फुटावर वाकले. पडद्याच्या बरोबर मध्यावर नजर लावून. नवरदेवाकडे बघितलं, मास्तरकडे बघितलं, काडीपैलवानाकडे बघितलं. पुन्हा पहिल्यापासून. पाच फेऱ्या झाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर आवडल्याचंही काही नव्हतं, न आवडल्याचंही नाही. फक्त एकदा त्यांनी मास्तरच्या कुशीला तळहात लावला आणि म्हणाले, "याचा एक स्क्रू ढिला आहे. मागून." मी पेचकस घेऊन मागे गेलो. खरंच एक स्क्रू अर्धा सुटलेला होता. ती जोडी महिनाभर माझ्या दुकानात वाजत होती आणि मला कळलं नव्हतं.

"कसं ओळखलंत?" मी मागून विचारलं.

उत्तर आलं नाही. मी पुन्हा विचारलं नाही. वाटलं, ऐकण्यात गुंग आहेत.

शेठ गल्ल्यावरून बघत होते. ते गुजरातीत म्हणाले, "आ काका लेशे के खाली सांभळशे?" हे काका घेणार आहेत की नुसतंच ऐकणार?

मी आप्पांच्या समोर येऊन म्हणालो, "मग? काडीपैलवान ना?"

"तू सांग," ते म्हणाले. "ती काय म्हनी ऱ्हायनी पहिलं?"

"ती म्हणते, आज मी तुम्हाला सुरतेला नेणार आहे."

त्यांचा चेहरा उजळला. "सुरतले," ते म्हणाले. "बरोबर. आता पुन्हा लाव."

मी लावलं. चेहरा पुन्हा विझला.

माझ्याकडे एक चाचणी आहे. एक सूर अगदी खालून सुरू होतो आणि चढत चढत शिट्टीच्याही वर जातो. गिऱ्हाइकाने ऐकू येतंय तोवर हात वर ठेवायचा. काडीपैलवानाचा ट्वीटर किती वर जातो हे दाखवायला मी ती वापरतो. आप्पांना समजावलं, त्यांनी शाळेतल्या मुलासारखा हात वर केला. सूर चढत गेला. हजार हर्ट्झ. दोन हजार. तीन हजारांच्या अलीकडेच हात खाली आला.

मला वाटलं वायर निघाली. तपासली, नीट होती. ट्वीटरजवळ कान नेला तर सूर टोचत होता. मास्तरवर लावलं: हात तिथेच खाली. नवरदेवावर: तिथेच.

तिन्ही जोड्यांची वायर एकाच जागी निघणार नाही, हे कळायला डिप्लोमा लागत नाही. तरी मी आणखी दोनदा तपासली.

मग मी त्यांच्या पाठीमागे जाऊन नेहमीच्या आवाजात म्हणालो, "आप्पा, तुमची पिशवी पडली." ते स्पीकरकडे बघत राहिले. मी समोर आलो, आणि घशातून आवाज अजिबात न काढता, फक्त ओठ हलवून म्हणालो, "चहा घेणार?"

"घेऊ ना," आप्पा म्हणाले. "साखर कमी सांग."

चहा आला. मी पेला हातात धरून बसलो होतो आणि ते फुर्र फुर्र पीत होते. त्यांना अजून काहीच कळलं नव्हतं.

मी नंतर त्यांच्या खात्यात गेलो आहे. दारातून आत पाऊल टाकलं की आवाज कानावर येत नाही, अंगावर येतो. फोनवर मोजला तर शंभरच्या आसपास डेसिबल. तिथे कोणी ओरडत नाही, उपयोग नसतो. चार मशिनांपलीकडचा माणूस ओठ हलवतो आणि इकडचा मान डोलावतो. तार तुटली, कापडाचा तागा उतरव, मुकादम आला, जेवायला चल, तुझी बायको आलीय दारात, सगळं ओठांवर. चहाडी आणि शिव्याही. आप्पा चोविसाव्या वर्षी गावाहून तिथे आले. पहिल्या दिवशी डोकं फुटेल असं वाटलं. जुन्या कारागिरांनी सांगितलं, पंधरा दिवसांत सवय होते. कानात शिट्टी वाजते, मग ती बंद होते, म्हणजे सवय झाली. नव्या आलेल्या प्रत्येकाला आजही हेच सांगतात. आप्पांनीही शंभर जणांना सांगितलं असेल. पंधरा दिवसांनी खरोखरच त्रास कमी झाला होता. ते खूश झाले होते की सवय झाली.

ही सवय म्हणजे काय होतं ते त्यांना कोणीच सांगितलं नाही. सांगणाऱ्यालाच माहीत नव्हतं.

आणि ओठ वाचायची कला इतकी अंगात मुरली, की आपण ओठ वाचतो हेही त्यांना ठाऊक नव्हतं. समोरचा बोलतो आणि आपल्याला समजतं, यालाच ते ऐकणं म्हणत आले. आवाजाचा खालचा भाग कानावर यायचा, उरलेला डोळे भरून काढायचे. म्हणून जाळी काढायची होती. ते स्पीकरचं तोंड शोधत होते.

ते मी त्यांना कसं सांगितलं हे लिहायला जमत नाही. कागदावर रेघ काढून दाखवली, सूर, अक्षरं, 'स' आणि 'त' आणि 'क' कुठे असतात ते. आप्पांनी ऐकून घेतलं, म्हणजे माझ्या तोंडाकडे बघितलं. मग म्हणाले, "याच्याहून मोठा असेल ना एखादा?"

दोन दिवसांनी डिंडोलीकडच्या एका कानाच्या दवाखान्यात आम्ही गेलो. ते, त्यांची बायको मंदाबाई आणि मी. मंदाबाई रिक्षात माझ्या बाजूला बसल्या होत्या आणि त्यांचा यावर विश्वास नव्हता. "यासले बठं ऐकू येस," त्या मला म्हणाल्या. बठं म्हणजे सगळं. "फक्त कामनं सांगं का ऐकू येत नही. भाजी आना म्हनो, बहिरा. जेवाले या म्हनो, लगेच हजर." आप्पा रस्त्याकडे बघत होते. मंदाबाईंनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले: बघा, आत्ताही.

तपासणी करणाऱ्या बाई शांत होत्या. काचेच्या खोलीत आप्पांना बसवून त्यांनी आलेख काढला. रेघ दोन हजारांपर्यंत बऱ्यापैकी सरळ जात होती आणि मग विहिरीत उतरावी तशी खाली. दोन्ही कानांची सारखीच. त्यांनी सांगितलं की आतलं जे झिजलं ते परत येत नाही. कानाचं मशीन लावून आवाज मोठा करता येईल, पण तो घ्यायला आत कोणी उरलं नसेल तर मोठा करून फारसं हाती लागत नाही. तरी त्यांनी एक मशीन लावून दाखवलं. आप्पांनी फोनवर गायत्रीचा भाग लावला, थोडा वेळ ऐकलं आणि मशीन काढून बाईंच्या हातात दिलं. पत्र्यावर वाळू टाकतंय कोणी, म्हणाले.

"सवय करावी लागेल," बाई म्हणाल्या. "सहा महिने रोज घातलं तर शब्दांना थोडी मदत होईल."

सवय हा शब्द आप्पांनी त्यांच्या ओठांवरून उचलला. ते हसले, पण ते हसणं मला बघवलं नाही.

"आन आखाजीपावत?" त्यांनी विचारलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी आलेखाकडे पाहिलं.

आलेख मंदाबाईंना कळला नव्हता, पण पाठीमागून बोललेलं यांना कळत नाही, एवढं वाक्य कळलं होतं. त्यांचं स्वयंपाकघर म्हणजे खोलीचाच एक कोपरा. ओट्याकडे तोंड करून, पाठीमागे बसलेल्या नवऱ्याशी बोलत त्यांनी संसार केला. त्या हळूच म्हणाल्या, "मंग मी इतला वरीस कोनशी बोली ऱ्हायंती?"

आप्पांनी ते ऐकलं नाही. त्या खिडकीकडे तोंड करून बोलल्या होत्या.

यानंतर खरं तर माझं काम संपलं होतं. स्पीकर विकणाऱ्याकडे याला उपाय नाही. पण आप्पा दर सुट्टीच्या दिवशी दुकानात येत राहिले. तिन्ही जोड्यांसमोर उभे राहायचे, एकेकीच्या कुशीला हात लावायचे. शेठ आता काही बोलत नसत. मी एक सोपा मार्ग सुचवला: गायत्री येतेच आहे, तिला समोर बसवून तो भाग बोलायला सांगा, तुम्हाला शब्दन् शब्द समजेल.

"समजस ते रोजच, भाऊ," आप्पा म्हणाले. "माले समजनं नही. ऐकनं शे."

मग जरा वेळाने म्हणाले, "आन तिले सांगू नको. दोन वरीस मी 'भारी शे' म्हनी ऱ्हायनू. तिले काय वाटी?"

मी बऱ्याच खटपटी केल्या. खालचे सूर कापले, मधले उचलले. बोलण्याचा वेग कमी केला. काडीपैलवान खोलीच्या मध्यापर्यंत पुढे ओढला, नवरदेवाचे दिवे बंद केले, मास्तरच्या खोक्यात जादा कापूस भरला. मला वाटत होतं की एवढी साधनं आहेत, कुठेतरी काहीतरी निघेलच. प्रत्येक वेळी आप्पा वाकायचे, बघायचे आणि मान हलवायचे. त्यांना माझं वाईट वाटायला लागलं होतं. एकदा तर म्हणाले, "हां, आता थोडं आलं." मी बघितलं तर वायर मी लावायलाच विसरलो होतो.

आखाजीला चार दिवस उरले तेव्हा मला सुचलं की आप्पा सुरापर्यंत चढू शकत नाहीत, तर सूरच खाली उतरवावा. विहिरीच्या अलीकडे जी जागा शिल्लक होती तिथे सगळं बोलणं आणून ठेवायचं. कॉम्प्युटरवर ते अवघड नाही. गायत्रीचा आवाज मी जवळजवळ निम्म्यावर आणला, वेगही बराच कमी केला, आणि आप्पांना बोलावून घेतलं. काडीपैलवानाचं आता काही काम नव्हतं; त्याचा सगळा गुण वरच्या सुरांत. नवरदेवावर आवाज गरगरीत झाला. उरला मास्तर. मधल्या सुरांचा त्याचा वेगळा स्पीकर, ज्याकडे मी आजवर कोणाचं लक्ष वेधलं नव्हतं, तो या कामाचा निघाला.

मी भाग सुरू केला.

आप्पा नेहमीसारखे वाकले आणि लगेच ताठ झाले.

"हाऊ कोन गडी शे?"

"गायत्रीच आहे," मी म्हणालो. "मी तिचा आवाज जाड केलाय."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग स्पीकरकडे वळले आणि पहिल्यांदाच त्यांनी त्याच्या तोंडाकडे बघणं सोडलं. शेजारच्या भिंतीकडे बघत ऐकू लागले. अधूनमधून एखादा शब्द ओठांनी म्हणायचे. सुरत. मशीन. आप्पा.

दोन मिनिटांपुढचं मीही त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकलं. एक दमदार, जडशीळ पुरुषी आवाज अहिराणीत सांगत होता, की लहानपणी मी बापाला हाक मारायचे तर तो वळायचा नाही. मला वाटायचं रागावलाय. मग मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहायचे आणि तो हसायचा. मला वाटायचं, बापाला बोलवायची हीच रीत असते, पाठीमागून हाक मारायची नसते, पुढे जाऊन उभं राहायचं. सासरी अजून मी तसंच करते, कोणालाही बोलवायचं तर समोर जाऊन उभी राहते, आणि घरातले हसतात.

अर्ध्या तासाचा भाग वेग कमी केल्यामुळे पाऊण तास चालला. आप्पा हलले नाहीत. दुकानात दोन गिऱ्हाइकं आली, शेठनी त्यांचं बाहेरच्या बाहेर बघितलं.

भाग संपला. आप्पांनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि मास्तरच्या डोक्यावर हात ठेवला.

"हाई जोडी बांध," ते म्हणाले. मी सुतळी आणायला वळलो तर त्यांनी माझा खांदा धरून मला आपल्याकडे वळवलं, त्यांना माझे ओठ दिसतील असं.

"शब्द भेटनात, भाऊ. बठा भेटनात." सगळे शब्द मिळाले, म्हणत होते. "आते हाऊ गडी बाजूले ठेव. तिना खरा आवाज तू ऐकेल शे."

"हो."

"मंदाले इचारू नको, ती म्हनी मन्हामायेकच. तू मशीनवाला मानूस, तू खरं सांगशी. मंदाना आवाज माले याद शे, लगीन व्हयनं तवयना. मन्ही मायनाबी याद शे." ते माझ्या तोंडाकडे बघत थांबले. त्यांच्या आईला मी कधी पाहिलंही नव्हतं; ती जाऊन पंचवीस वर्षं झाली होती.

"गायत्रीना आवाज कोनामायेक शे, भाऊ? तिनी मायमायेक, का मन्ही मायमायेक?"